शॉट चालू असताना

१

त्या यानाला एकशे बारा खिडक्या होत्या आणि त्यातली सर्वांत मोठी माझ्या करंगळीच्या नखाएवढी होती.

यान बारा फूट लांब. आत लाकडी सांगाडा, वर प्लास्टिकचे पत्रे, आणि त्या पत्र्यांवर खेळण्यातल्या रणगाड्यांचे, आगबोटींचे हजारो सुटे भाग चिकटवलेले. पडद्यावर ते मैलभर लांब दिसायला हवं होतं. चित्रपट भीतीचा होता. अवकाशात खूप दूर एक मालवाहू यान चाललंय, त्यातली माणसं झोपलेली आहेत, आणि कुठूनतरी काहीतरी आत शिरलंय. ते 'काहीतरी' शेजारच्या मोठ्या स्टेजवर असायचं. रबरी पोशाखातला एक उंच, लाजाळू माणूस. चहाच्या गाडीपुढे तो स्वतःचं मुंडकं काखेत धरून रांगेत उभा राहायचा आणि बायकांना आधी जाऊ द्यायचा. त्याला आमच्यातलं कोणी घाबरत नव्हतं.

आमचा मॉडेल विभाग स्टुडिओच्या अगदी मागच्या टोकाला होता, थेम्सच्या बाजूला. लाकडी जमिनीची जुनी शेड. साल १९७८, जून महिना. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते आणि या कामात मला नऊ वर्षं झाली होती.

काम धीराचं होतं. शेडमध्ये काळोख करायचा, मागे काळं मखमल लावायचं. यान जागेवरच उभं राहायचं आणि कॅमेरा रुळावरून त्याच्याकडे सरकायचा, तोही केसाएवढा. दर वीस सेकंदांना एक फ्रेम. कॅमेऱ्याची झडप उघडी राहायची, मग टिक, मग मोटारीचा बारीक घर्र आवाज, मग पुन्हा शांतता. अशा एकशे वीस फ्रेमा झाल्या की पडद्यावरची पाच सेकंदं व्हायची. आमची चाळीस मिनिटं. तेवढ्या वेळात कोणी चालायचं नाही, कारण जमीन हलली की चित्र फिसकटलं. दारावर लाल दिवा लागायचा आणि आम्ही बसून राहायचो. बसून राहणं हाही आमच्या कामाचाच भाग होता. मला ते चांगलं जमायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता रशेस, म्हणजे आदल्या दिवशीची धुऊन आलेली फिल्म, पडद्यावर बघायचो. त्या दिवशी पडद्यावर यान सरकत गेलं आणि आमचा प्रमुख लायोनेल ऑर्चर्ड म्हणाला, "शेपटाजवळच्या नवव्या खिडकीचा दिवा गेलाय."

"गेलेला नाही," मी म्हणाले. "मागे उजेड आहे. पुढे काहीतरी आलंय."

"काय येणार? वायर लोंबत असेल. डेन्झिलला सांग, तो..."

लायोनेल तिथेच थांबला. यानाच्या वायरी जोडणाऱ्या डेन्झिलला पुरून तीन आठवडे झाले होते.

२

मी त्याच दुपारी यानाची कूस उघडली. नवव्या खिडकीमागे दोन इंचांची जागा होती. एक छोटा दिवा, त्याच्यापुढे दुधी प्लास्टिकचा तुकडा, बस्स. वायर खालून गेलेली, नीट चिकटवलेली. डेन्झिलच्या हातचं काम, त्यात लोंबणार काय? मी कुंचल्याने धूळ झटकली. पेटीतून भिंग काढून प्लास्टिक तपासलं. डाग नव्हता, चरा नव्हता.

आम्ही शॉट पुन्हा घेतला. कॅमेरा फर्गसचा. तो ग्लासगोचा, वयाने माझ्याएवढाच. चेष्टा केल्याशिवाय त्याला घास उतरत नसे.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर नववी खिडकी आली तेव्हा तो खुर्चीत पुढे वाकला. मग म्हणाला, "बाईसाहेब, तुम्ही पोटभाडेकरू ठेवलाय का?"

आता तो डाग राहिला नव्हता. त्याला खांदे होते आणि खांद्यांवर गोल डोकं होतं. खिडकीत माणूस उभा राहिला की मागच्या उजेडाने जसा काळा दिसतो, तसा. आम्ही खिडक्यांत माणसं ठेवलीच नव्हती. दिग्दर्शकाने बजावलं होतं की यान झोपलेलं दिसलं पाहिजे.

"प्रतिबिंब आहे," लायोनेल म्हणाला. "भिंगात तुझंच पडलंय, फर्गस."

"माझं डोकं एवढं गोल नाही. आईला विचार."

तरी फर्गसने ते मनावर घेतलं. त्याने कॅमेऱ्याभोवती काळं कापड गुंडाळलं, चकाकणारा एकूण एक स्क्रू काळा केला, स्वतःच्या चष्म्याची दांडीसुद्धा. मला ते बरं वाटलं. प्रतिबिंब असेल तर जाईल. जे जातं ते खरं नसतं, असं मी स्वतःला सांगितलं. हे पटण्यासारखंच होतं.

  

३

गुरुवारी सकाळी नेस्टा आली. डेन्झिलची बायको. साठीला टेकलेली, ठेंगणी. उन्हातही तिने गडद निळा कोट अंगात घातला होता. डेन्झिलची हत्यारं न्यायला आली होती.

मी ती आधीच एका खोक्यात भरून ठेवली होती. सुऱ्या, कानशी, कुंचले, त्याचा रंगाने कडक झालेला अॅप्रन. नेस्टाने एकेक वस्तू बाहेर काढून पाहिली आणि परत ठेवली.

"तू होतीस ना गं त्या दिवशी?" तिने विचारलं.

"हो."

"मला फार काही विचारायचं नाहीये. चौकशीत तू सांगितलंसच सगळं. पण माझ्या डोक्यात एक गोष्ट बसत नाही. पंखा बंद करून तो आत रंग मारत बसला म्हणतात. ऑड्री, हा माणूस घरी दाराला रंग द्यायचा ना, तर जानेवारीत सगळ्या खिडक्या सताड उघडायचा. मी कोट घालून स्वयंपाक केलाय."

मी खोक्याचं झाकण लावत होते. ते नीट बसत नव्हतं.

"गडबडीत विसरला असेल," मी म्हणाले.

"तीस वर्षांत नाही विसरला."

"कामाची फार घाई होती."

नेस्टाने मान हलवली. "आमच्या गल्लीत लोक म्हणतात, प्यायला असेल. माझ्या तोंडावर नाही म्हणत. पण मासेवाल्याच्या दुकानात मी शिरले की बोलणं थांबतं." मग तिने माझ्या दंडावर हात ठेवला. "तो तुझं फार कौतुक करायचा. म्हणायचा, त्या पोरीसारखं निश्चल कोणी बसू शकत नाही."

मी ते खोकं तिच्यासाठी फाटकापर्यंत नेलं. बस येईपर्यंत तिच्यासोबत थांबलेसुद्धा. लोकांना वाटलं असेल, किती चांगली मुलगी आहे.

४

शुक्रवारच्या रशेसमध्ये त्या आकृतीने हात उचलला.

सुरुवातीला ती नुसती उभी होती. मग उजवा हात वर गेला, काचेपर्यंत आला, मागे गेला, पुन्हा आला. आवाज अर्थातच नव्हता. अशा शॉटला आवाज नसतोच. पण दार ठोठावणाऱ्या माणसाचा हात कसा हलतो हे सांगायला आवाज लागत नाही.

लायोनेलने दिवे लावायला सांगितले. कोणी चेष्टा केली नाही.

"फिल्मवरचा दोष आहे," तो म्हणाला. "धुताना काहीतरी झालंय." आणि निघून गेला.

फर्गसने ती फिल्म आमच्या टेबलावर आणली, खालून उजेड लावला आणि भिंग घेऊन एकेक फ्रेम मोजायला बसला. मी समोर बसले. त्याने कागदावर आकडे लिहिले, मग पेन्सिल खाली ठेवली.

"एका ठोक्याला आठ फ्रेमा," तो म्हणाला. "आपण वीस सेकंदांना एक फ्रेम घेतो. हात एकदा वर जाऊन काचेवर यायला एकशे साठ सेकंदं. जवळजवळ तीन मिनिटं. कळतंय का तुला? हा दोष असता तर कसाही आला असता. हे जे काही आहे, ते इथे चाळीस मिनिटं आपल्यासमोर उभं राहून इतकं सावकाश हललंय की पडद्यावर बरोबर ठोठावल्यासारखं दिसावं."

"सुरुवात कुठे होते?" मी विचारलं.

"कशाची?"

"ठोकण्याची. कितव्या फ्रेमला?"

त्याने कागद पाहिला. "एकाहत्तर."

मी उठून बाहेर गेले आणि नदीकडच्या कुंपणाला धरून उभी राहिले.

आता ते सांगते. मे महिन्यातल्या त्या मंगळवारी फर्गस दात काढायला गेला होता आणि कॅमेरा माझ्या ताब्यात होता. शेडच्या मागच्या भिंतीला रंगाची खोली होती. फळ्यांची, कोंदट, कपाटाहून थोडी मोठी. डेन्झिल त्यात छोट्या यानावर लॅकर फवारत होता. हवा बाहेर खेचायला एक पंखा होता, आणि तो चालू असला की जमीन थरथरायची. नियम साधा होता. शॉटआधी डेन्झिलला सांगायचं, त्याने बाहेर यायचं, मग पंखा बंद करायचा.

सकाळी दोन शॉट फुकट गेले होते. डेन्झिलला सांगितलं असतं तर त्याने शेवटचा हात मारायला दहा मिनिटं मागितली असती. नेहमी मागायचा. मी सांगितलं नाही. पंखा बंद केला. आवाज थांबला की त्याला कळेल आणि तो हात आवरेल, असं मला वाटलं. ते दार आपोआप उघडायचं आणि फटीतून उजेड मखमलावर पडायचा, म्हणून मी बाहेरून खिटीही लावली. मग लाल दिवा लावला आणि बसले.

कॅमेऱ्यावर फ्रेमा मोजणारा आकडा होता. तो एकाहत्तरवर असताना मागून ठोठावल्याचा आवाज आला. तीनदा. घाईचा नव्हता.

मी ऐकला. कुठून येतोय हेही मला कळलं. एकूणपन्नास फ्रेमा उरल्या होत्या, म्हणजे सोळा-सतरा मिनिटं. शॉट सुंदर चालला होता. मी मनात म्हणाले, थांब रे जरा, झालंच. आणि मी हलले नाही.

शॉट संपल्यावर खिटी मी काढली, पंखा मी लावला, आणि मग ओरडले. तो दाराशीच पडला होता. डॉक्टर म्हणाले की त्याचं हृदय आधीपासून कमकुवत होतं, ताज्या हवेत कदाचित निभावलं असतं. चौकशीत विचारलं, पंखा कोणी बंद केला? मी म्हणाले, त्यानेच केला असणार, माझं लक्ष नव्हतं. खिटीबद्दल कोणी विचारलंच नाही.

कुंपणापाशी उभी राहून मी स्वतःला समजावलं की एकाहत्तर हा आकडा फक्त मला माहीत आहे, म्हणून तो मलाच मोठा वाटतोय. एखादा आकडा दोनदा येऊ शकतो. मग मी आत गेले आणि फर्गस चहाला गेल्यावर ती फिल्म स्वतः भिंगाखाली धरली.

ठोके तीन नव्हते. सहा होते. तिसऱ्यानंतर हात खाली खाली येत गेला होता, छातीशी, मग कमरेशी. मोटारीच्या आवाजात जे मला ऐकू आलं नव्हतं, ते तिथे होतं. शेवटच्या फ्रेममध्येही हात काचेवरच होता.

५

सोमवारी मी म्हणाले, शॉट मी घेते, तुम्ही जेवून या. फर्गसने माझ्याकडे पाहिलं. "मी थांबतो हवं तर."

"दोघं असलो की जमीन जास्त हलते," मी म्हणाले. हे खोटं होतं, पण त्याला बरंच वाटलं असावं.

बाहेर टळटळीत दुपार होती. कॅन्टीनकडून ताटांचा आवाज येत होता, शेजारच्या स्टेजवर कोणीतरी शीळ घालत होतं. मी दार लावलं आणि ते सगळं एकदम तुटलं. लाल दिवा लावला. मोटार सुरू केली. टिक. घर्र. शांतता.

मी नवव्या खिडकीकडे बघत बसले. साध्या डोळ्यांना तो उजेडाचा एक दाणा होता. चाळीसाव्या फ्रेमपर्यंत दाणा दाण्यासारखाच राहिला. पन्नासाव्याला तो किंचित मंद वाटला. एकाच जागी टक लावून पाहिलं की असं होतं, हे मला माहीत होतं. मी डोळे मिटून उघडले. मंदच होता. घड्याळाचा तासकाटा हलताना कधी दिसत नाही, पण दुसरीकडे बघून परत पाहिलं की तो पुढे गेलेला असतो. तसं चाललं होतं. मी आकड्याकडे बघायचे, परत खिडकीकडे बघायचे, आणि तिथे आधी होतं त्याहून काहीतरी थोडं जास्त असायचं.

अडुसष्ट. एकोणसत्तर. सत्तर.

मला थिनरचा वास आला. शेडमध्ये तो रोजच असायचा. यावेळी मात्र माझ्या पाठीकडून येत होता, रंगाच्या खोलीकडून. ती खोली महिनाभर बंद होती. मी मागे वळून पाहिलं नाही. मला काळजी होती की मी वळले तर स्टूल करकरेल आणि शॉट बिघडेल. हा विचार माझ्या मनात खरोखर आला, आणि आला त्याच क्षणी मला स्वतःची किळस वाटली.

एकाहत्तर.

आवाज आला नाही. आवाज येईल म्हणून मी तीन फ्रेमा, एक मिनिटभर, श्वास धरून बसले. मग उठले. यानापर्यंत सात पावलं होती आणि प्रत्येक पावलाला जमीन करकरली. यानाच्या कुशीचं झाकण मी बोटांनी ओढून काढलं. नख तुटलं.

आत दिवा होता. दुधी प्लास्टिक होतं. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, एवढंसं, वाफेचा डाग होता. आरशावर कोणी तोंड जवळ नेऊन श्वास सोडला की धरतो तसा. मी बघता बघता तो कडेकडेने विरत गेला. दिव्याची ऊब आणि शेडमधली गार हवा, एवढंच असेल. मी तिथेच गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, "ये. ये बाहेर. उघडलंय."

मागे मोटार चालूच होती. टिक. घर्र.

६

बिघडलेला शॉटही धुऊन आला. पडद्यावर चौऱ्याहत्तरपर्यंत हात उचललेला दिसला. मग सगळं चित्र हादरलं, मग माझी पाठ काळ्या ढगासारखी आडवी आली. मी बाजूला झाले तेव्हा नववी खिडकी लख्ख होती. रिकामी.

"गेला तुझा भाडेकरू," फर्गस हळूच म्हणाला.

पुढचा शॉट स्वच्छ आला. त्याच्या पुढचाही. त्या आठवड्यात मला झोप लागली. जेवण जाऊ लागलं. आणि मी काय केलं ते सांगायला हवं. मी मनात हिशेब मिटवून टाकला. दार उघडायचं राहिलं होतं, ते उघडलं. आता कोणाला काही सांगायची गरज नाही. नेस्टाला सांगून तिचं दुःखच वाढेल. मासेवाल्याच्या दुकानातलं बोलणं आपोआप थांबेल. इतकं सोपं होतं सगळं.

दहा-बारा दिवसांनी लायोनेल आला आणि म्हणाला, "दिग्दर्शकाने शॉट निवडला. हात हलतो तो."

"पण त्यात दोष आहे," मी म्हणाले. "तुम्हीच म्हणालात."

"मी सांगितलं त्यांना. ते म्हणाले, राहू दे. नीट दिसत नाही, पण बघणाऱ्याला आत कुठेतरी कळतं की तिथे कोणीतरी आहे. सगळ्या शॉटांमध्ये तेवढ्या एकाचीच त्यांना भीती वाटली म्हणे." त्याने खांदे उडवले. "खूश आहेत. तुझं नाव घेतलं त्यांनी."

फर्गस म्हणाला, शेकड्यांनी प्रती निघतील. इथे, अमेरिकेत, जपानमध्ये.

मी त्या थिएटरांचा विचार करायला लागले आणि मला थांबता येईना. काळोखात रांगा लावून बसलेली माणसं. रोज दुपारी, रोज संध्याकाळी. डेन्झिल ठोठावणार आणि तेवढी सगळी माणसं बसून राहणार. त्यांना उठायचं कारणच नव्हतं. मला होतं.

७

रविवारी दुपारी मी नदी ओलांडून चर्टसीला गेले. नेस्टा मागच्या अंगणात वाटाणे सोलत होती. तिने मला खुर्ची दिली आणि माझ्यापुढेही एक वाडगा ठेवला. मी दोन-तीन शेंगा सोलल्या.

"नेस्टा, पंखा मी बंद केला होता," मी म्हणाले.

ती थांबली नाही. शेंग, अंगठा, वाटाणे. मी सगळं सांगितलं. खिटीचं सांगितलं. ठोठावल्याचं सांगितलं. यान, खिडकी, फिल्म, तेही सांगितलं, आणि मला वाटलं होतं की इथे ती मला वेडी म्हणेल. तिने नाही म्हटलं.

"किती वेळा ठोकलं त्याने?" तिने विचारलं.

"मी तीनदा ऐकलं."

"तू किती ऐकलंस ते नाही विचारलं."

"सहा," मी म्हणाले.

तिने वाडगा बाजूला ठेवला. अॅप्रनला हात पुसले, बराच वेळ पुसत राहिली. शेजारच्या घरी रेडिओवर क्रिकेट चालू होतं.

"आणि तो शॉट?" ती म्हणाली. "त्या दिवशीचा. चांगला आला का?"

मला खोटं बोलता आलं असतं. "आला," मी म्हणाले. "चांगला आला."

"बरं," नेस्टा म्हणाली. "आता जा. उद्या पोलिसांकडे जाशील. मी विचारणार आहे त्यांना, तू गेलीस का ते."

मी गेले. चौकशी पुन्हा झाली. यावेळी डेन्झिलच्या नावावर काही दोष राहिला नाही. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. मला शपथेवर खोटं बोलल्याबद्दल सहा महिन्यांची शिक्षा झाली, चार महिने भोगली. लायोनेलने पत्र पाठवलं नाही. फर्गसने दोन पाठवली. सुटल्यावर मी वोकिंगला एका चष्म्याच्या दुकानात कामाला लागले. अजून तिथेच आहे.

चित्रपट पुढच्या वर्षी सप्टेंबरात लागला आणि तुफान चालला. माझ्या दुकानासमोरून रांग जायची. मी पाहिला नाही.

ऑक्टोबरात एका दुपारी दुकानात फोन वाजला. नेस्टा होती. अंगणातल्या त्या दिवसानंतर ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती. तिच्या आवाजात राग नव्हता. एखादा निरोप द्यायचा असतो तसा आवाज होता.

"मी बघून आले," ती म्हणाली. "दुपारच्या खेळाला. दोनदा गेले."

"दिसला?"

"दिसला. शेपटाजवळ, तू म्हणाली होतीस तिथे." मग तिने विचारलं, "ऑड्री, तू अजून बघितला नाहीस ना?"

"नाही."

"नको बघूस. मला तुझं काही भलं करायचं नाहीये, पण एवढं सांगते. तू म्हणालीस तो एकटा आहे. एकटा नाहीये. त्याच्या मागे अजून कोणीतरी आहे."

 समोर एक म्हातारे गृहस्थ नवा चष्मा लावून आरशात बघत होते.

"काय करतंय?" मी विचारलं.

"काही नाही," नेस्टा म्हणाली. "नुसतं बसलंय."